मणक्याच्या दुखापतीनंतर पुन्हा शिकार, मासेमारी, कॅम्पिंग: ट्रॅकचेअर घेण्याआधी काय बघायचं

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की तुमचा भाऊ अमेरिकेत असतो, दरवर्षी हरणांच्या सीझनला जायचा, मासेमारीही करायचा, मग झाडावरच्या मचाणावरून पडला, टी४ लेव्हलला (छातीमागच्या मणक्यांपैकी वरून चौथा) मणक्याला मार बसला, आता साधी हाताने ढकलायची व्हीलचेअर वापरतो, आणि घरचे सगळे पैसे जमवून त्याला ट्रॅकचेअर (चाकांऐवजी रणगाड्यासारखे पट्टे असलेली, मोटारीवर चालणारी खुर्ची) घेऊन देऊ का असं विचारताय. मी बरीच वर्षं अशाच लोकांना बाहेर घेऊन जायचं काम करतोय, हॉस्पिटलमधून सुटल्यावर पुढचं आयुष्य उभं करायचं त्यातला हा भाग, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (भारतातले वाचक असतील त्यांच्यासाठी, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे, तेव्हा तुम्ही शिकारीच्या जागी पक्षी बघणं, फोटो काढणं असं वाचा, ९० टक्के गोष्टी त्याच आहेत.)

आधी सरळ उत्तर. हो, तो परत जाऊ शकतो, शिकारीलाही. मचाणावरून पडून मणक्याला इजा झालेले शिकारी या कामात वारंवार भेटतात आणि त्यातले कितीतरी जण परत रानात जातात. पण ट्रॅकचेअर आत्ता घेऊ नका. मशीन सगळ्यात शेवटी येतं. पहिलं येतं शरीर, म्हणजे तो बाहेर थंडीत किती तास सुरक्षित बसू शकतो, दुसरी येते वाट, म्हणजे गाडीपासून बसायच्या जागेपर्यंत मध्ये काय काय आहे, आणि ही दोन उत्तरं हातात आली की मशीन लागणार आहे का आणि लागलं तर कुठलं हे आपोआप कळतं. लोक हे उलटं करतात आणि मग महागडी मशीन गॅरेजमध्ये धूळ खात पडते, हे मी फार बघितलंय.

शरीराचं आधी बोलतो कारण टी४ म्हटल्यावर मला सगळ्यात आधी काळजी वाटते ती ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाची. टी६ किंवा त्याच्या वर इजा असेल तर हे होऊ शकतं. इजेच्या खाली शरीराला काहीतरी टोचतंय, दाबतंय, लघवीची पिशवी भरलीय, नळी पिळवटलीय, बूट घट्ट झालाय, त्याला ते जाणवत नाही पण शरीर आतून धोक्याची घंटा वाजवतं आणि ब्लडप्रेशर झपाट्याने चढतं. लक्षणं म्हणजे डोकं ठणकायला लागणं, इजेच्या वरच्या भागात घाम आणि लाली, नाक चोंदणं, अंगावर काटा, कधीकधी नाडी मंद. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, अशा लोकांचं नेहमीचं वरचं प्रेशर बऱ्याचदा ९० ते ११० च्या दरम्यानच असतं, म्हणजे मोजल्यावर १३० दिसलं तर तुम्हाला वाटेल नॉर्मलच आहे, पण त्याच्यासाठी ते धोक्याचं असू शकतं. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढलं तर डिसरिफ्लेक्सिया समजून चालायचं. करायचं काय, तर ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, आडवं अजिबात करायचं नाही, पट्टे-बेल्ट-बूट सगळं सैल करायचं, मग नळी आणि पिशवी तपासायची, ब्लॅडर रिकामं करायचं, नंतर पोट साफ आहे का आणि कुठे काही रुततंय का ते बघायचं, दर दोन ते पाच मिनिटांनी प्रेशर मोजत राहायचं, आणि उतरत नसेल तर लगेच इमर्जन्सीला फोन. त्याच्या खिशात याचं छापील कार्ड हवंच कारण मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रकार माहीत असतोच असं नाही. त्याच्यासोबत जो कोणी जाणार आहे त्याने हे सगळं घरी बसून एकदा करून बघावं, रानात पहिल्यांदा नाही.

दुसरं म्हणजे थंडी. हरणांच्या शिकारीत काय असतं, पहाटे जाऊन तासनतास हलायचं नाही. आणि टी४ वाल्या माणसाचं शरीर छातीच्या खाली ना नीट कुडकुडतं ना घाम काढतं, त्यामुळे तापमान सांभाळायची यंत्रणाच अर्धी बंद असते. तो म्हणेल मी ठीक आहे, आणि खरंच त्याला ठीक वाटत असतं, पण पाय बर्फ झालेले असतात. म्हणून त्याला विचारून भागत नाही, ठराविक वेळाने मोजा उतरवून हाताने आणि डोळ्याने तपासायचं. आणि कृपा करून ते गरम होणारे पाऊच बुटात किंवा मांडीखाली ठेवू नका, जिथे जाणीव नाही तिथे कातडी भाजते आणि संध्याकाळपर्यंत कोणाला कळत नाही. तेच शेकोटीजवळच्या दगडांचं, तेच मांडीवर ठेवलेल्या गरम कॉफीच्या मगचं. वाऱ्यापासून आडोसा, थरांचे कपडे, पायांभोवती स्लीपिंग बॅगसारखं आवरण, हे खरं काम करतं. लघवीची नळी बाहेर उघडी राहिली तर कडक थंडीत गोठू शकते, कपड्याच्या आतून घ्यायची.

तिसरं प्रेशर सोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून कातडीला होणारी जखम. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जास्त लोकांना परत हॉस्पिटलमध्ये नेणारं. दर १५ ते ३० मिनिटांनी पुढे वाकून किंवा बाजूला कलून वजन हलवायचं, आणि दोन सेकंद नाही, साधारण दोन मिनिटं तरी तसं राहायचं. शिकारीत लोक म्हणतात हललो तर हरीण पळेल. पळू दे. एक जखम झाली तर महिनोनमहिने पलंगावर पडून राहायला लागतं आणि तो सीझनच काय पुढचाही जातो. त्याचं रोजचं कुशन सोबत न्यायचं, कुठल्याही दुसऱ्या खुर्चीत, बोटीत, गाडीत बसला तरी त्याच्या खाली तेच कुशन. जाडजूड कपड्यांची शिवण, मागच्या खिशातलं पाकीट, काडतुसं, यावर बसणं बंद.

आणि पाणी पिणं कमी करायचं नाही!! जवळजवळ प्रत्येक जण हे करतो, बाहेर टॉयलेटची सोय नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, आणि मग युरिन इन्फेक्शन. त्यापेक्षा वेळ ठरवा, साधारण चार ते सहा तासांनी कॅथेटर करायचं (नळी घालून लघवी काढायची) असतं तर त्या वेळी कुठे करणार, हात कसे धुणार, आडोसा काय, हे आधी ठरलेलं पाहिजे. सहल टॉयलेटच्या हिशोबाने आखणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मी तर प्रत्येक ट्रिप तशीच आखतो.

आता वाट. "ॲक्सेसिबल" अशी पाटी बघून कुठे जाऊ नका, त्या पाटीमागे कोणी काय मोजलंय ते विचारा. अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या ट्रेल, कॅम्पसाइट, पिकनिकच्या जागा यांच्यासाठी यूएस ॲक्सेस बोर्डाचे (अपंगांसाठीच्या सोयींची मापं ठरवणारी सरकारी संस्था) नियम २०१३ पासून लागू आहेत आणि राज्यांच्या पार्कवर ते थेट बंधनकारक नसले तरी बरीच राज्यं तेच बघून बांधतात, म्हणून आकडे माहीत असलेले बरे. वाट किमान ३६ इंच रुंद, चढ १:१२ (१२ फूट पुढे गेल्यावर १ फूट वर) पेक्षा जास्त असलेला भाग एकूण लांबीच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको, १:१२ चा चढ सलग २०० फुटांपर्यंतच आणि मग विसाव्याची सपाट जागा, १:८ इतका उभा असेल तर फक्त १० फूट. कच्च्या वाटेवर मुळं-दगड असा अडथळा २ इंचांपेक्षा उंच नको.

पण माझ्या अनुभवात माणसाला थकवतो तो चढ नाही, आडवा उतार थकवतो, म्हणजे वाट डावीकडून उजवीकडे कललेली असते तो. नियमात कच्च्या वाटेला तो १:२० पर्यंत चालतो. खुर्ची सतत खालच्या बाजूला ओढली जाते आणि माणूस एकाच हाताने ती सरळ ठेवत राहतो, अर्ध्या मैलात खांदा गेला. आणि त्याचे खांदे हेच आता त्याचे पाय आहेत, ते दुखावले तर घरातल्या घरातही अडचण. म्हणून वाट बघायला जाल तेव्हा फोनमधलं लेव्हलचं ॲप आडवं ठेवून मोजा. दुसरा भाग जमीन. नदीतले गोल गुळगुळीत खडे टाकलेली वाट दिसायला छान पण चाकाखाली ते घरंगळतात, त्याऐवजी फोडलेली खडी बारीक चुऱ्यासकट घालून दाबलेली असेल तर खडे एकमेकांत अडकतात आणि ती जवळजवळ डांबरासारखी चालते. वाटेच्या सगळ्यात वाईट दहा फुटांचा फोटो काढून भावाला पाठवा, बाकीची वाट कितीही चांगली असली तरी ते दहा फूटच ठरवणार की तो पुढे जातो की नाही. गेटशेजारचा दगड, पार्किंग आणि वाटेच्या मधली उंच कडा, गाड्या आत जाऊ नयेत म्हणून लावलेले खांब, अशाच ठिकाणी सगळं अडतं.

हे दोन्ही झालं की मग मशीन. साध्या खुर्चीला पुढे फ्रीव्हील नावाचं एक मोठं चाक लागतं, ते फुटरेस्टला अडकवलं की पुढची छोटी चाकं जमिनीवरून उचलली जातात आणि गवत-खडी एकदम सोपी होते, फक्त फुटरेस्ट घट्ट, न हलणारा असावा लागतो. तुमच्या भावाचे हात आणि खांदे चांगले आहेत असं तुम्ही म्हणताय, मग पहिल्या वर्षी एवढ्यावरही बरंच भागेल. एमआयटीतून निघालेली लिव्हर मारत चालवायची फ्रीडम चेअर आहे, तीही हात मजबूत असणाऱ्यांना चांगली. ज्यांना हातही चालत नाहीत त्यांच्यासाठी फ्रान्समधली एका चाकाची जोएलेत आहे, जोएल क्लोदेल यांनी १९८७ मध्ये स्नायूंचा आजार असलेल्या पुतण्यासाठी बनवलेली, पुढे एक आणि मागे एक माणूस धरून डोंगरातही नेतात. कॅनडात ट्रेलरायडर याच जातीचं, ते सॅम सलिव्हन यांच्या कल्पनेतून आलं, ते स्वतः क्वाड्रिप्लेजिक (हात-पाय दोन्हींना लकवा) आणि पुढे व्हँकुव्हरचे महापौर झाले.

ट्रॅकचेअर खरंच जबरदस्त चीज आहे, चिखल, बर्फ, कापलेलं मक्याचं शेत, सगळ्यातून जाते, त्याबद्दल वाद नाही. पण नवी घ्यायची तर १०,००० डॉलरच्या वर जाते, वजन इतकं की बंद पडली तर दोन माणसांनी उचलायचं नावच नको, न्यायला ट्रेलर किंवा रॅम्पवाली व्हॅन लागते, थंडीत बॅटरी लवकर उतरते, आणि रुंदी इतकी की साध्या लपणाच्या (शिकारी आत लपून बसतो तो आडोसा) दारातून आत जात नाही. आधी वापरून बघायची सोय आहे तर वापरा ना. कोलोरॅडोच्या स्टॉन्टन स्टेट पार्कमध्ये २०१७ पासून ट्रॅकचेअर फुकट वापरायला देतात, आधी बुकिंग करायचं, सोबत व्हॉलंटियर येतात, आणि आता बऱ्याच राज्यांत अशी सोय झालीय. वेगवेगळ्या हवामानात दोनतीनदा वापरू द्या, मग तो स्वतः सांगेल हवी की नको.

अजून एक कायद्याची गोष्ट जी विकणारा सांगत नाही. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली राखलेल्या भागात मोटार चालत नाही, व्हीलचेअर मात्र चालते असं १९९० च्या एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय, पण तिथे व्हीलचेअरची व्याख्या अशी आहे की ती फक्त चालता न येणाऱ्या माणसासाठी बनवलेली हवी आणि इमारतीच्या आत लोक चालतात तिथेही वापरता येण्यासारखी हवी. मोठी ट्रॅकचेअर यात बसेलच असं नाही. राज्याच्या किंवा काउंटीच्या जमिनीवर नियम वेगळा आहे, तिथे मोटारीवर चालणाऱ्या इतर साधनांनाही परवानगी द्यावी लागते, सुरक्षिततेचं वगैरे खरं कारण दाखवलं तरच नाही म्हणता येतं. म्हणून भाऊ नेमका कुठे जाणार ती जमीन कोणाची हे आधी शोधा.

शिकारीतलं आता. टी४ म्हणजे हात पूर्ण चालतात पण पोट-पाठीचे स्नायू नाहीत, म्हणजे रायफल उचलून खांद्याला लावली की धड पुढे जातं आणि गोळी सुटली की धक्क्याने मागे. छातीला एक रुंद पट्टा (मऊ, रुतणार नाही असा, वरचं डिसरिफ्लेक्सियाचं आठवा), खुर्चीला मागे उलटू न देणारी छोटी चाकं, कमी धक्का देणारं कॅलिबर, आणि बंदूक नेहमी ट्रायपॉडवर किंवा खुर्चीला लावलेल्या रेस्टवर. उजव्या हाताने नेम धरणारा बसल्या बसल्या डावीकडे जास्त वळू शकतो, उजवीकडे जवळजवळ नाहीच, त्यामुळे हरीण जिथून यायची शक्यता आहे त्या दिशेच्या उजवीकडे तोंड करून खुर्ची लावायची. हे छोटं वाटतं पण खुर्ची सरळ लावल्यामुळे हातातली संधी गेलेले लोक खूप आहेत, आणि ऐनवेळी खुर्ची हलवली तर आवाज होतोच. सीझनच्या आधी नेमबाजीच्या रेंजवर त्याच खुर्चीत, त्याच पट्ट्यात, त्याच जाड जॅकेटमध्ये प्रॅक्टिस झाली पाहिजे. जनावर जखमी होऊन पळणं कोणालाच नको, आणि बसून नेम किती अंतरापर्यंत पक्का लागतो ते त्याला स्वतःला कळलं पाहिजे, त्यापलीकडे गोळी झाडायची नाही. पळालंच तर माग काढायला कोण जाणार हेही आधी ठरवा, आणि तो माणूस गेल्यावर भाऊ एकटा किती वेळ राहणार, मोबाइलला रेंज आहे का, नसेल तर सॅटेलाइटवरून मेसेज जाणारं यंत्र त्याच्या हाताला लागेल असं, बॅगेत नाही.

मचाणापेक्षा जमिनीवरचं लपण घ्या, दार किमान ३६ इंच, उंबरठा नसलेलं, खिडक्या बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला, आणि आत खुर्ची फिरवायला जागा. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी जॉयस्टिकने हलणारे माउंट आणि नळीतून श्वास आत ओढला की ट्रिगर दाबणारी यंत्रणा मिळते, स्कोपवर कॅमेरा लावून सोबतच्यालाही स्क्रीनवर दिसतं. अंध लोकही शिकार करतात, टेक्ससमध्ये २००७ पासून कायद्याने अंध ठरलेल्या शिकाऱ्याला डोळस सोबत्याच्या मदतीने लेझर नेमयंत्र वापरायला परवानगी आहे, सोबती खांद्यावरून बघून दिशा सांगतो, ट्रिगर तो स्वतः दाबतो.

मासेमारी मात्र पहिल्यांदा करा, शिकारीच्या आधी. थंडी नसते, पार्किंग जवळ असतं, हलायला मोकळीक असते, आणि काही बिघडलं तर पाच मिनिटांत गाडीत. जेटीचा कठडा बघा, बसलेल्या माणसाला गळ टाकता यावा म्हणून कठड्याचा काही भाग ३४ इंच किंवा त्याहून कमी उंचीचा असायला हवा, आणि कडेला खुर्चीचं चाक घसरू नये अशी उंच पट्टी. बोटीत बसला तर लाइफ जॅकेट घालायचंच आणि त्याला खुर्चीला किंवा खुर्चीला बोटीला बांधायचं नाही, कितीही लाटा असल्या तरी, बोट उलटली तर सुटता आलं पाहिजे.

कॅम्पिंगचं थोडक्यात. टेबलाखाली गुडघे जायला २७ इंच उंची हवी, शेकोटीचा तळ जमिनीपासून निदान ९ इंच वर असेल तर खुर्चीतून लाकूड घालता येतं, आणि तंबूत जमिनीवर झोपण्यापेक्षा खुर्चीच्या उंचीचा कॉट घ्या, जमिनीवरून परत खुर्चीत चढणं हे खांद्यांसाठी सगळ्यात वाईट काम आहे. कॉटवर गादी चांगली हवी, रात्री पण कातडी दाबली जाते.

सोबत जाणाऱ्यांना एक मनापासून सांगणं आहे. त्याच्या वतीने ठरवू नका. "तुला तिथे जमणार नाही रे" हे वाक्य घरच्यांच्या तोंडून जितकं नुकसान करतं तितकं दगडधोंडे करत नाहीत, आणि तेवढंच वाईट म्हणजे त्याला पोत्यासारखं उचलून वर नेऊन ठेवणं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवणं. वाटेचे फोटो, मोजमाप, हवामान, परतीचा प्लॅन हे सगळं त्याच्यासमोर ठेवा आणि ठरवू द्या, अर्ध्यातून परत फिरायचं म्हणाला तर कारण न विचारता फिरा. तो पडला त्या आधी रानातले निर्णय तोच घेत होता, कुठे बसायचं, कधी थांबायचं, कुठलं जनावर सोडून द्यायचं. ते सगळं ज्ञान त्याच्या डोक्यात तसंच आहे, आणि माझ्या बघण्यात माणूस खऱ्या अर्थाने परत येतो तो पुन्हा निर्णय घ्यायला लागल्यावर. दोन सोबती हवेत, एक पुरत नाही, कारण एकाला मदत आणायला जावं लागलं तर दुसरा त्याच्याजवळ राहिला पाहिजे.

आणि कागदपत्रं, ती सीझनच्या बरीच आधी सुरू करा. बऱ्याच राज्यांत अपंग शिकाऱ्यांना थांबलेल्या, इंजिन बंद केलेल्या गाडीतून गोळी झाडायची किंवा धनुष्याच्या सीझनला क्रॉसबो वापरायची खास परवानगी मिळते, त्यासाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं आणि नियम प्रत्येक राज्यात वेगळे, एका राज्याचं परमिट दुसरीकडे चालेल असं धरू नका. राष्ट्रीय पार्क आणि बाकी केंद्राच्या जमिनींसाठी ॲक्सेस पास काढा, कायमचं अपंगत्व असलेल्या अमेरिकन नागरिकाला किंवा ग्रीनकार्डवाल्याला तो आयुष्यभरासाठी फुकट आहे आणि बऱ्याच ठिकाणी कॅम्पिंग निम्म्या पैशात होतं. राज्याच्या वन्यजीव खात्यात फोन करून तीन गोष्टी विचारा, अपंग शिकाऱ्यांसाठी राखीव जागा किंवा वेगळा सीझन आहे का, एरवी बंद असलेल्या जंगलातल्या रस्त्याचं गेट परमिटवर उघडून देतात का, आणि त्या भागाची जमीन रोज बघणारा माणूस कोण. त्या तिसऱ्या माणसाशी भावाला स्वतः बोलू द्या, कुठला रस्ता पावसानंतर चिखल होतो आणि कुठल्या लपणापर्यंत गाडी जाते हे वेबसाइटवर कधीच नसतं, त्याला माहीत असतं.